शरदातील बेचाळीस रात्री : शाळेचे पुस्तक घरात कसे न्यावे

हस्ताचा पाऊस एकदा कोसळून गेला म्हणजे खेड्यातील दिवसाचे रूप पालटते. आभाळ धुऊन निघते, ओढ्याचे पाणी निवळते, बांधावर तेरडा आणि कारळा फुलतो. देशावर बाजरीची कापणी व भुईमुगाची काढणी सुरू होते; कोकणात हळवे भात खळ्यावर येते. घरोघर भिंती सारवल्या जातात, चार महिने ओल धरून राहिलेल्या गोधड्या व वाकळा नदीवर धुऊन खडकांवर वाळत पडतात. दुपारचे ऊन डोके तापविणारे असते खरे. परंतु संध्याकाळ लवकर येते, आणि तिच्याबरोबर ओसरीवर थोडा निवांतपणाही येतो. पंचांगात आश्विन-कार्तिकास शरद ऋतू म्हटले आहे तो हा काळ होय.

शाळेत मात्र हेच दिवस घाईचे असतात. प्रथम सत्राची परीक्षा तोंडावर आलेली, सुटीपूर्वी तालुक्याला पाठवावयाचे तक्ते अपुरे, आणि वर्गातील निम्म्या मुलांचे लक्ष खिडकीबाहेर. कोणी शेंगा उपटावयास गेलेले, कोणी धाकट्या भावंडास सांभाळीत घरी राहिलेले. दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत शाळा नावालाच भरते, अशी तक्रार अनुभवी गुरुजींच्या तोंडूनही ऐकू येते. तक्रार खोटी नाही. परंतु तिची दुसरी बाजू अशी की, खेड्यातील घर मुलाच्या शिक्षणास इतके अनुकूल वर्षातील दुसऱ्या कोणत्याही महिन्यात क्वचितच असते. या दिवसांत हातांना काम असते, घरात माणसे असतात, नवे धान्य आलेले असते, दिवे लवकर लागतात. अशा घरात एक पुस्तक तेवढे नसते. ते शाळेच्या कपाटात असते.

पूजेतील पुस्तके

दसऱ्याच्या निमित्ताने गावोगावच्या शाळांत पाटीपूजन होते. एकाच्या आकड्यांची जुळणी करून पाटीवर सरस्वती काढण्याची रीत महाराष्ट्रात घराघरांत आहे. मूल अक्षरे शिकण्यापूर्वी जो आकडा गिरविते त्याच आकड्यातून देवीची आकृती उभी करावी, ही कल्पना ज्या कोणास प्रथम सुचली तो जातिवंत शिक्षक असला पाहिजे. पाटीशेजारी चार पुस्तके मांडली जातात, त्यांवर हळदकुंकू, झेंडूची फुले व आपट्याची पाने वाहिली जातात. पूजा आटोपली की पुस्तके पुन्हा कपाटात जातात, कपाटास कुलूप लागते आणि किल्ली मुख्याध्यापकांच्या खणात पडते.

यात शिक्षकाचा आळस आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. ग्रंथालयाची पुस्तके जडसंग्रह नोंदवहीत चढविलेली असतात. बदली झाली म्हणजे कार्यभार देताना एकेक पुस्तक मोजून द्यावे लागते. कमी भरले तर खुलासा द्यावा लागतो, आणि खुलासा देण्यापेक्षा पदरचे पैसे भरणे पुष्कळांस सोपे वाटते. दोनशिक्षकी शाळेत हा भार पेलणारा माणूस एकटा असतो. अशा स्थितीत पुस्तक सुरक्षित राहण्याचा खात्रीचा उपाय म्हणजे ते कोणासही न देणे! इंग्लंडमध्ये हेरफर्ड येथील कॅथीड्रलात लोखंडी साखळ्यांनी फळ्यांस बांधून ठेवलेल्या ग्रंथांचे एक जुने ग्रंथालय जतन करून ठेवले आहे. हस्तलिखित ग्रंथ दुर्मिळ होते तेव्हाची ती सोय होती. ग्रंथालयशास्त्राचे आचार्य एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली जी पाच सूत्रे मांडली त्यांतील पहिले सूत्र ग्रंथ हे उपयोगासाठी असतात या अर्थाचे आहे, आणि ते मांडताना त्यांना या साखळदंडांची आठवण द्यावी लागली. छापील गोष्टींच्या पुस्तकास साखळीची गरज नाही. पण साखळी लोखंडाचीच असते असे नाही, ती नोंदवहीचीही असू शकते.

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या २००९ च्या कायद्याने प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे आणि त्यात वृत्तपत्रे, मासिके व गोष्टींची पुस्तके असावीत असे ठरविले आहे. गोष्टींच्या पुस्तकांचा त्यात नावानिशी उल्लेख आहे, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. ती पुस्तके घरी न्यावयाची नसतील तर कायद्याने ती कपाटासाठी मागितली असे म्हणावे लागेल.

महाराष्ट्रात २०१५ पासून १५ ऑक्टोबर हा दिवस, डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा जन्मदिन म्हणून, वाचन प्रेरणा दिन या नावाने पाळला जातो. तो बहुधा नवरात्र व दिवाळी यांच्या आगेमागे येतो. त्या दिवशी मुलांस रांगेने बसवून पुस्तके वाटतात, छायाचित्र घेतात, आणि तासाभराने पुस्तके परत गोळा करतात. कलामांच्या बालपणाकडे पाहिले तर या दिवसाचा निराळा अर्थ निघतो. रामेश्वरम येथे त्या काळी पुस्तके फार थोडी होती. एस. टी. आर. माणिक्कम नावाच्या गृहस्थांकडे मात्र स्वतःचा चांगला ग्रंथसंग्रह होता, आणि मुलाने वाचावे म्हणून ते त्यास उत्तेजन देत; त्यांच्या घरी जाऊन पुस्तके मागून आणीत असल्याचे कलामांनी आपल्या आत्मचरित्रात कृतज्ञतेने नमूद केले आहे. एका माणसाने आपले कपाट एका मुलास उघडे केले, एवढीच ती हकीकत आहे. माणिक्कमांना नोंदवही नव्हती हे खरे. पण नोंदवही असूनही कपाट उघडे ठेवता येते.

त्यासाठी जडसंग्रह नोंदवहीस हात न लावता निराळी देवघेव वही घालावी. शंभर पानी साधी वही पुरे. मुलाचे नाव, पुस्तकाचे नाव व क्रमांक, नेल्याची तारीख, परत आल्याची तारीख, एवढे रकाने आखावे आणि ती वही चौथीतील एका मुलाच्या किंवा मुलीच्या स्वाधीन करावी. आठवड्याने दुसऱ्याकडे द्यावी. मुले या कामात मोठ्यांपेक्षा कडक असतात. कोणाचे पुस्तक किती दिवस राहिले हे त्यांना तोंडपाठ असते. जी पुस्तके वापरून खरोखरच जीर्ण झाली त्यांच्या निर्लेखनाची रीत नियमांत आहेच. ती रीत अवलंबिण्यास संकोच वाटू नये; वापराने झिजलेली पुस्तके दाखविता येणे ही शाळेस भूषणाची गोष्ट आहे. वाळवीने खाल्लेल्या पुस्तकांबद्दल तसे म्हणता येत नाही.

ऊन, खळ आणि दाभण

पुस्तके घरी देण्यापूर्वी ती कपाटाबाहेर काढून त्यांना हवा दाखविली पाहिजे. आश्विनातील कोरडी हवा या कामास उत्तम. पावसाळ्यात पानांस ओल येते, बुरशीचे ठिपके पडतात, कसर लागते. एका शनिवारी शाळा सुटण्यापूर्वी व्हरांड्यात सतरंज्या अंथरून पुस्तके अर्धवट उघडून उभी ठेवावी. भर उन्हात ठेवू नयेत. कागद पिवळा पडतो आणि पुठ्ठे वाकतात. सावलीतील वारा पुरेसा असतो. मुलांनी मऊ फडक्याने धूळ पुसावी, कपाटाचे फळे कोरडे करावे आणि वाळलेला कडुनिंबाचा पाला खाली पसरावा.

या कामात मुलांच्या हाताला जो उद्योग मिळतो तो मोलाचा आहे. सुटलेली पाने क्रमाने लावणे हा अंकांचा पाठ आहे. कोणते पान नाही हे शोधणे हा वाचनाचा. कणकेची किंवा मैद्याची पातळ खळ शिजवून फाटक्या पानास पातळ कागदाची पट्टी लावता येते. पुस्तके बांधणारे लोक खळीस कीड लागू नये म्हणून पूर्वापार मोरचूद घालीत आले आहेत. शाळेत मात्र तो वापरू नये, तो विषारी आहे. ताजी खळ करावी आणि उरलेली टाकून द्यावी. दाभणाने भोके पाडण्याचे काम शिक्षकाने करावे, दोरा ओवण्याचे मुलांनी. मुलाने स्वतः शिवलेले पुस्तक ते फाडीत नाही. दुसऱ्याने फाडलेलेही त्यास खपत नाही.

असे करीत असता मुले मधूनमधून वाचीत बसतात. काम खोळंबते. खोळंबू द्यावे.

घटस्थापनेपासून तुळशीच्या लग्नापर्यंत

साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिले आणि १९३५ साली ते प्रसिद्ध झाले, हे शिक्षकांस सांगावयास नको. या पुस्तकाची प्रकरणे 'रात्र पहिली', 'रात्र दुसरी' अशी आहेत आणि अशा रात्री बेचाळीस आहेत. घटस्थापनेच्या संध्याकाळी पहिली रात्र वाचावयास घेतली आणि रोज एक वाचीत गेले तर आश्विनाच्या तीस तिथी व कार्तिकाच्या बारा मिळून बेचाळीस होतात, म्हणजे तुळशीच्या लग्नाच्या सुमारास पुस्तक पुरे होते. हा मेळ योगायोगाचा असला तरी शाळेच्या उपयोगाचा आहे. सुटीतही तो तुटत नाही, कारण वाचन शाळेत व्हावयाचे नसून घरात व्हावयाचे आहे.

हे वाचन मुलाने एकट्याने मनात करावयाचे नाही. घरातील आजीला किंवा आजोबांना ते वाचून दाखवावयाचे. खेड्यातील कित्येक आज्या शाळेत गेलेल्या नाहीत. परंतु त्यांनी पोथ्या ऐकल्या आहेत, कीर्तने ऐकली आहेत, आणि चातुर्मासात कोणी वाचीत बसले की भोवती बसून ऐकण्याची सवय त्यांच्या अंगी आहे. वाचणाऱ्या मुलास असा श्रोता दुसरा मिळणार नाही. आजी चूक काढीत नाही, घाई करीत नाही, आणि कळले नाही म्हणजे सरळ विचारते. "म्हणजे काय रे?" असे आजीने विचारले की मुलास आपण वाचलेल्या वाक्याकडे पुन्हा वळून पाहावे लागते. आकलनाची याहून चांगली परीक्षा प्रश्नपत्रिकेत घालता येत नाही.

काही रात्री लहान आहेत, काही लांबतात. लांब रात्र दोन भावंडांनी वाटून घ्यावी. अडखळणाऱ्या मुलाने एक परिच्छेद वाचावा, पुढचा मोठ्या बहिणीने. वाचनाची जागाही पाहावी. ओसरीवर किंवा चुलीजवळ, दिव्याचा उजेड डाव्या खांद्यावरून पानावर पडेल असे बसावे. कार्तिक लागला की रात्री गारठा पडतो. पायावर गोधडी असावी. शेजारी उकडलेल्या शेंगांची परडी असेल तर वाचणाऱ्याचे तोंड भरलेले राहते, म्हणून शेंगा रात्र संपल्यावर. ह्या बारीकसारीक गोष्टी अभ्यासक्रमात लिहिलेल्या नसतात. परंतु मोठेपणी ज्या माणसांस वाचनाची गोडी असते त्यांना लहानपणची पुस्तके आठवतात तेव्हा दिवा, पांघरूण आणि कोणाचा तरी आवाज हेही आठवतात. गोडी लागते ती या सर्वांची मिळून.

भ्रमणध्वनीचा पडदा आता बहुतेक घरांत पोहोचला आहे, आणि संध्याकाळची वेळ तोही मागतो. त्याच्याशी भांडत बसण्यात अर्थ नाही. बालभारतीच्या 'किशोर' मासिकाचे, १९७१ साली ते सुरू झाल्यापासूनचे जुने अंक संगणकीय जाळ्यावर विनामूल्य वाचावयास ठेवलेले आहेत. ज्या घरात पुस्तक नाही पण भ्रमणध्वनी आहे तेथे एखादी गोष्ट त्यावरून वाचून दाखविता येईल. तथापि आजीच्या मांडीवर ठेवता येते ते पुस्तकच.

पहिली-दुसरीच्या मुलांचे काय, असा प्रश्न येईल. त्यांना बेचाळीस रात्री पेलणार नाहीत. त्यांच्यासाठी याच दिवसांत दुसरे साधन आयते असते. पुण्याकडे भोंडला, कोल्हापूर-साताऱ्याकडे हादगा, खानदेश-विदर्भात भुलाबाई. नावे वेगळी, काळ थोडा मागेपुढे, परंतु फेर धरून म्हणावयाची गाणी सर्वत्र आहेत आणि ती मुलींना पाठ असतात. मुलांनाही असतात, ती कबूल करीत नाहीत एवढेच. पाठ असलेले गाणे शिक्षकाने फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहावे आणि मुलांनी बोट फिरवीत म्हणावे. पुढची ओळ तोंडात आधीच तयार असल्यामुळे डोळ्यांस अक्षर ओळखणे सोपे जाते, आणि जे मूल धड्याच्या पुस्तकापुढे गप्प राहते ते येथे वाचू लागते. दोन मुलींच्या घरची गाणी एकाच शब्दात वेगळी निघाली तर वाद होतो. तो होऊ द्यावा व दोन्ही पाठ लिहून ठेवावे. खिरापत ओळखण्याचा खेळही चिठ्ठ्यांवर पदार्थांची नावे लिहून खेळता येतो. 'चिवडा' आणि 'चकली' यांतील पहिले अक्षर सारखे नाही हे मूल भुकेच्या वेळी कधी विसरत नाही.

कंदील आणि किल्ला यांविषयी थोडे

आकाशकंदील व मातीचा किल्ला हे दोन छंद दिवाळीत मुलांना शिकवावे लागत नाहीत. त्यांत पुस्तक कोठे येते एवढेच पाहावयाचे. बांबूच्या सारख्या लांबीच्या कामट्या, सुतळी, रंगीत कागद आणि खळ यांतून कंदील होतो. सर्व कामट्या सारख्या कापल्या नाहीत तर तो कलतो, आणि का कलला हे मुलास भूमितीच्या व्याख्येवाचून कळते. कृती कागदावर लिहून ती दुसऱ्या मुलास द्यावी व केवळ वाचून त्याने कंदील करावा. कृतीत काय लिहावयाचे राहिले ते कंदीलच सांगतो.

किल्ल्याबाबत एक आग्रह धरण्यास हरकत नाही. किल्ला कोणता ते आधी ठरवावे. नुसता डोंगर, वर सिंहासन आणि पायथ्याशी प्लॅस्टिकची वाघसिंहांची गर्दी, असे किल्ले पुष्कळ दिसतात. राजगड करावयाचा असेल तर बालेकिल्ला मध्ये आणि पद्मावती, सुवेळा व संजीवनी अशा तीन माच्या तीन बाजूंस आल्या पाहिजेत. त्या कोठे येतात हे पाहण्यासाठी पुस्तक उघडावे लागते, नकाशा पाहावा लागतो. रायगडापूर्वी शिवाजी महाराजांची राजधानी येथे होती, हे मग वेगळे पाठ करावे लागत नाही. मोहरी किंवा अळीव आठवडाभर आधी पेरावे, म्हणजे वसुबारसेपर्यंत डोंगर हिरवा होतो. बाजारात साच्यातून काढलेले तयार किल्ले मिळतात. ते विकत आणणाऱ्या मुलाची दिवाळी वाया गेली असे म्हणावेसे वाटते, पण दोष त्याचा नसतो.

गोधडीचा इतिहास

का. र. मित्र यांनी १९०९ साली 'मासिक मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला. तेव्हापासून दिवाळी आणि वाचन यांची जी गाठ मराठी घरांत पडली ती फराळाच्या ताटाइतकी घट्ट आहे. शहरातून गावी आलेल्या माणसाच्या पिशवीत एखादा दिवाळी अंक असतो; तो वाड्यातून आळीत आणि आळीतून शाळेत फिरतो. शाळेने आपलाही अंक काढावा. त्यास छापखाना लागत नाही. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या शाळेत शिक्षक होते आणि तेथील छात्रालयातील मुलांसाठी ते 'छात्रालय दैनिक' स्वतःच्या हाताने लिहून काढीत. दैनिक लिहिणे हे त्यांच्यासारख्यासच साधावे. वर्षातून एक हस्तलिखित दोनशिक्षकी शाळेसही साधते.

कागद विकत घेण्याचे कारण नाही. प्रथम सत्र संपताना मुलांच्या वह्यांत मागील पाने कोरी उरलेली असतात. ती काढून घ्यावी. मोठा कागद मिळाला तर तो तीन वेळा दुमडून कडा कापल्या की आठ पानांची, म्हणजे सोळा पृष्ठांची, पुस्तिका होते. मध्ये तीन टाके घातले की ती सुटत नाही. वरचे वेष्टन जुन्या दिनदर्शिकेच्या जाड कागदाचे.

आत काय लिहावे हाच खरा प्रश्न असतो. 'दिवाळी', 'माझा आवडता सण' असे विषय दिले की सर्व मुलांची वाक्ये एकाच साच्यातून पडतात: दिवाळी हा दिव्यांचा सण आहे, आम्ही फटाके उडवितो, आम्हांला खूप आनंद होतो. ज्या मुलाच्या घरी फटाके आले नाहीत तेही असेच लिहिते. तेव्हा विषय असा हवा की, त्याचे उत्तर पुस्तकात नाही व शेजारच्या मुलाच्या वहीतही नाही. या ऋतूत असा एक विषय प्रत्येक घराच्या अंगणात वाळत पडलेला असतो, तो म्हणजे गोधडी.

गोधडी जुन्या कपड्यांची असते. तिच्यातील प्रत्येक तुकडा पूर्वी कोणीतरी नेसलेला किंवा ल्यालेला असतो. मुलाने आपल्या घरची एक गोधडी घेऊन आजीजवळ बसावे व एकेका तुकड्यावर बोट ठेवून विचारावे, हा कोणाचा? हिरवे लुगडे कोणाचे, ते केव्हा घेतले. हा सदऱ्याचा तुकडा कोणाचा. हे चिटाचे ठिगळ कोणाच्या झबल्याचे. आजी सांगू लागते. एखाद्या तुकड्यापाशी ती थांबते. मृत मुलाचे अंगडे, माहेराहून आलेले शेवटचे लुगडे, दुष्काळाच्या वर्षी विकत घेतलेले जाडेभरडे कापड, अशा गोष्टी त्यात निघतात. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीच्या कामावर खडी फोडावयास गेलेल्या स्त्रिया आज आज्या-पणज्या झाल्या आहेत; त्यांनी कामावर नेसलेल्या लुगड्याचा तुकडा एखाद्या वाकळेत असणे अशक्य नाही. मुलाने ते सर्व आजीच्या शब्दांत लिहावे. घरची बोली वऱ्हाडी असेल, अहिराणी असेल, मालवणी असेल. अवतरणातील शब्द सुधारू नयेत. शुद्धलेखन तपासावे ते मुलाच्या स्वतःच्या वाक्यांचे.

या लेखनास चित्राची जोड द्यावी. पानावर गोधडीचे चौकोन आखून त्यांत रंग भरावे व प्रत्येक चौकोनास आकडा द्यावा. खाली आकड्याप्रमाणे हकीकत. टाके मोजावे. धावदोरा एका वितीत किती वेळा वरखाली होतो, एका ओळीत किती, एकूण ओळी किती, हे मोजून गुणाकार केला तर एका गोधडीत किती हजार टाके आहेत ते कळते. तो आकडा पाहून मुले आपल्या आजीच्या हातांकडे पाहतात. ज्या मुलास गुणाकार येत नाही तेही या उत्तरासाठी अडून बसते.

एक सावधगिरी मात्र घ्यावी. काही घरांत ही चौकशी नकोशी होईल, काही मुलांस आजी नसेल, कोणाच्या घरी गोधडी नसून संस्थेने वाटलेली घोंगडीच असेल. त्या मुलाने शेजारच्या आजीकडे जावे किंवा घोंगडी कोठून आली ते लिहावे. तेही घराच्याच इतिहासात बसते. सर्वांचे लेखन एकत्र शिवून झालेला अंक शाळेच्या कपाटात गोष्टीच्या पुस्तकांशेजारी ठेवावा आणि देवघेव वहीत त्यास क्रमांक द्यावा. पुढील वर्षी सर्वांत अधिक वेळा बाहेर जाणारे पुस्तक बहुधा हेच असेल.

साताऱ्याजवळ महाबळेश्वर-पाचगणीच्या डोंगरात भिलार नावाचे गाव आहे. मे २०१७ पासून तेथे गावकऱ्यांच्या घरांत, देवळांत, शाळेत पुस्तके मांडून ठेवलेली आहेत आणि येणारा कोणीही बसून ती वाचू शकतो. शासनाच्या योजनेतून ते झाले. प्रत्येक गावास तसे होता येणार नाही. पण त्यातील मुख्य कल्पना, पुस्तक माणसांच्या राहत्या घरात असावे ही, एका देवघेव वहीने अमलात येते.

मध्येच थांबलेली रात्र

आतापर्यंत जे सांगितले ते घरी राहणाऱ्या मुलांसाठी झाले. परंतु बीड जिल्ह्यात, आणि अहिल्यानगर, जालना, धाराशिव, परभणी या जिल्ह्यांच्या कित्येक गावांत, शरद ऋतूचा आणखी एक अर्थ आहे. दसरा झाला की मुकादमाने उचल दिलेल्या टोळ्या जमू लागतात. साखर कारखान्यांचा गळीत हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होतो व मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. नवराबायकोचा मिळून एक 'कोयता' धरला जातो. भांडी, धान्य, अंथरूण घेऊन ट्रक व ट्रॅक्टर पश्चिम महाराष्ट्राकडे व कर्नाटकाकडे निघतात आणि मागे राहणारे कोणी नसेल तर मुलेही त्यांत बसतात. हंगामी वसतिगृहांची योजना या मुलांसाठीच आहे, आणि जेथे ती वेळेवर सुरू होते तेथे पुष्कळ मुले गावी राहतात. वेळेवर म्हणजे टोळी निघण्यापूर्वी. टोळी गेल्यानंतर उघडलेल्या वसतिगृहात कोण राहणार? यादी करावयाची असेल तर ती पाटीपूजनाच्या दिवशीच करावी.

तरीही काही मुले जातातच. अशी कल्पना करावी की, चौथीतील एका मुलीने घटस्थापनेस 'श्यामची आई' घरी नेले. ती आजीस वाचून दाखवीत होती. आजीला डोळ्यांनी दिसत नाही, म्हणून तिला गावी ठेवून जाता येत नाही. धाकट्या भावास सांभाळावयास कोणी नाही, म्हणून मुलीसही ठेवता येत नाही. लक्ष्मीपूजनानंतर चार दिवसांनी ट्रॅक्टर निघावयाचा आहे. त्या दिवशी सकाळी मुलगी पुस्तक परत करावयास शाळेत येते, सुटी असल्यामुळे शाळा बंद, म्हणून गुरुजींच्या घरी येते. चौतिसावी रात्र झालेली आहे. आठ राहिल्या.

नोंदवहीच्या दृष्टीने पुस्तक परत घेणे योग्य. मुलगी चांगली, म्हणूनच तर ती परत करावयास आली. परंतु ते पुस्तक परत घेतल्यास पुढील पाच-सहा महिने तिच्या हाती छापील कागद येईल तो बहुधा पुड्याचा. उसाच्या फडाजवळ पाचटाची कोपी, पहाटे आईबाप फडात, दिवसभर भावास सांभाळणे, वाढे गोळा करणे. चौथीत येऊन पोहोचलेले वाचन अशा जगण्यात टिकत नाही. चैत्रात ती परत येते तेव्हा अक्षरे लावून वाचू लागते, वर्गातील मुले हसतात, आणि पुढील वर्षी ती शाळेत येत नाही. अशी मुले किती गेली हे ज्या त्या शाळेच्या पटावरून ज्या त्या गुरुजींस ठाऊक असते.

तेव्हा पुस्तक परत घेऊ नये. उलट त्याबरोबर आणखी एक पातळ पुस्तक, सोळा पृष्ठांची कोरी पुस्तिका आणि दोन पेन्सिली द्याव्या. स्थलांतरित मुलास दुसऱ्या गावच्या शाळेत बसता यावे यासाठी शिक्षण हमी कार्ड देण्याची व्यवस्था आहे. ते कार्ड भरून पुस्तकाच्या वेष्टनात आतून खोचून द्यावे, म्हणजे ते हरवणार नाही आणि ज्या शाळेत ती जाईल तेथील शिक्षकास कार्डाबरोबर पुस्तकही दिसेल. प्लॅस्टिकच्या पिशवीत सर्व बांधून द्यावे. कोपीत दव गळते. कोऱ्या पुस्तिकेत काय लिहावे हे मुलीस सांगून ठेवावे. गावापासून फडापर्यंत कोणकोणती गावे लागली, फडावर कोणाच्या टोळ्या आहेत, त्यांच्या बोलीत कोणते शब्द वेगळे आहेत, आजीने अंथरावयास नेलेल्या गोधडीवर कोण कोण निजते. कोजागरी होऊन गेली तरी कार्तिकी पौर्णिमेचा चंद्र आहे. त्याच्याजवळ कृत्तिकांचा पुंजका शोधावा व तो रोज किती वाजण्याच्या सुमारास उगवतो ते टिपावे. गावातही मुले तेच टिपीत असतील असे तिला सांगावे, आणि गावातील मुलांकडून ते खरोखरच करवून घ्यावे.

पुस्तक हरवेल काय? हरवेल, भिजेल, कोणी चुलीत घालील, हे सर्व संभवनीय आहे. एका पुस्तकाची किंमत किती असते याचा विचार शिक्षकाने एकदा करावा, आणि मुख्याध्यापकांनी केंद्रप्रमुखांस आधीच सांगून शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत तसा ठराव करून घ्यावा, म्हणजे भार एकट्यावर राहणार नाही. हंगामास जाणाऱ्या प्रत्येक मुलाबरोबर दोन पुस्तके जातील, असा एका ओळीचा ठराव पुरे.

सुटी संपून शाळा भरली की पहिल्या आठवड्यात देवघेव वही तपासावी. परत आलेल्या पुस्तकांवर तेलाचे डाग असतील, पानांत उटण्याची पूड, रांगोळीचे कण, शेंगांची टरफले सापडतील. डाग दिसले म्हणून मुलास बोलू नये. कोणत्या पानापर्यंत डाग आहेत ते पाहावे, म्हणजे पुस्तक कोठपर्यंत वाचले गेले ते कळते. फडावर गेलेल्या मुलांच्या नावांसमोर 'परत आल्याची तारीख' हा रकाना चैत्रापर्यंत कोरा ठेवावा, आणि त्याच्या कडेस पेन्सिलीने तेवढा एक आकडा लिहून ठेवावा: मूल कितव्या रात्रीपर्यंत वाचून गेले.